आजच्या गायक-गीतकारांना त्रुबादूरांचे वारस म्हणावं का?

पैलतीर:
स्वतः लिहिलेलं, स्वतःच चाल लावलेलं गाणं गिटार घेऊन एकटाच गाणारा कुणी दिसला, की त्याला 'आधुनिक त्रुबादूर' म्हणायची पद्धत पडली आहे. मूळचे त्रुबादूर म्हणजे साधारण अकराव्या शतकाच्या अखेरपासून तेराव्या शतकापर्यंत दक्षिण फ्रान्समध्ये गाणी रचणारे कवी. बॉब डिलन, लेनर्ड कोहेन, जोनी मिचेल, फ्रान्सचा जॉर्ज ब्रासांस, सगळ्यांना हे बिरुद लागलंय. लॉस एंजेलिसच्या ज्या क्लबात १९५७ पासून अशी मंडळी गायली, त्याचं नावही 'ट्रुबॅडूर'च.

माझं म्हणणं असं, की तुलना बरोबर आहे, पण कारण चुकीचं दिलं जातं. लोकांच्या डोळ्यांसमोर असतो खांद्यावर वाद्य टाकून गावोगाव भटकणारा फकिरी कवी. प्रत्यक्षात ज्याची गाणी आज हाती आहेत असा पहिला त्रुबादूर म्हणजे नैऋत्य फ्रान्समधल्या आक्वितेनचा ड्यूक गिल्हेम नववा (१०७१-११२६). त्याला भटकायची गरजच नव्हती. दुसऱ्या टोकाला बेर्नार्त दे व्हेंतादोर्न. त्याच्या जुन्या चरित्रटिपणात तो गढीतली भट्टी पेटवणाऱ्या नोकराचा मुलगा असल्याचं लिहिलंय (ही टिपणं मागाहूनची आहेत, जपूनच घ्यावीत). म्हणजे जन्म, पैसा, भटकंती यांवरून त्रुबादूर ठरत नाही. मग कशावरून ठरतो? आणि तो धागा आजपर्यंत खरंच येतो का?

खर्ज:
चांगला विषय. भटकण्याचं उत्तर सोपं आहे. भटकायचा तो जोग्लार. त्रोबादोर गाणं रचायचा, म्हणजे शब्द आणि चाल दोन्ही. जोग्लार ते पाठ करून दरबारोदरबारी पोचवायचा. बेर्त्रान दे बोर्न या त्रुबादूराच्या गाण्यांच्या शेवटी 'पापिओल, हे गाणं घेऊन अमक्याकडे जा' असा निरोपच असतो. पापिओल हा त्याचा जोग्लार.

आपल्याकडे होनाजी-बाळा आठवा. लावण्या रचायचा होनाजी, गायचा बाळा करंजकर, आणि लोकांच्या तोंडी दोघांचं मिळून एकच नाव. आजचा गायक-गीतकार म्हणजे हे दोघं एकाच अंगात. हा बदल छोटा नाही. गाणं दुसऱ्याच्या तोंडी जाणार हे धरून रचलेलं आणि फक्त स्वतःच्या गळ्यासाठी रचलेलं, यांची बांधणीच वेगळी होते.

चिंचपोकळी:
उच्चार नक्की कोणता? ट्रुबॅडूर, त्रुबादूर की त्रोबादोर?

खर्ज:
त्यांच्या भाषेत, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या ऑक्सितानमध्ये, 'त्रोबादोर'. फ्रेंचमधून 'त्रुबादूर', इंग्रजीतून 'ट्रुबॅडूर'. तिन्ही चालतात.

शब्दवेल्हाळ:
त्या शब्दातच पैलतीर यांच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर आहे. क्रियापद 'त्रोबार', अर्थ 'सापडणं, शोधून काढणं'. ते कुठून आलं यावर वाद आहे. कुणी लॅटिन 'त्रोपारे' सांगतं, कुणी अरबी 'तरब'. पण बाराव्या शतकात त्याचा अर्थ रचणं-सापडणं असाच होता. आपले संगीतकार 'चाल सापडली' म्हणतात, 'चाल बनवली' क्वचितच. नेमकं तेच. ज्याला शब्द आणि चाल एकमेकांसाठी सापडतात, तो त्रोबादोर.

उत्तररात्र:
शब्दार्थ गोड आहे, पण 'वारस' म्हणायला साखळी लागते. डिलनच्या मागे अमेरिकन लोकगायक वूडी गथ्री, त्याच्यामागे कार्टर फॅमिली हे गाणारं कुटुंब, काळ्या अमेरिकनांचं ब्लूज, स्कॉटिश-इंग्लिश बॅलड म्हणजे कथागीतं. यात ऑक्सितानिया, म्हणजे त्रुबादूरांचा मुलूख, कुठे बसते? दक्षिण फ्रान्समधल्या पाखंडी ठरवलेल्या पंथाविरुद्ध चर्चने पुकारलेल्या १२०९ ते १२२९ च्या आल्बी धर्मयुद्धाने तिथले आश्रयदाते दरबार मोडले, आणि १२९२ च्या सुमारास गिरॉत रिकिएर गेला तो शेवटचा त्रुबादूर मानतात. पुढे १३२३ मध्ये तुलूझमध्ये सात जणांनी मंडळ काढून काव्यस्पर्धा भरवल्या, सोन्याचं व्हायोलेट फूल बक्षीस ठेवलं, पण ती स्पर्धा झाली, परंपरा नव्हे. साम्य आहे हे कबूल. वारसा मात्र नाही.

मात्रामोजणी:
उत्तररात्र, माणसांची साखळी तुटली हे मान्य. कारागिरीची तुटली का, ते बघायला हवं. त्यासाठी आधी हातात काय उरलंय ते मोजू.

सुमारे २५०० गाणी टिकली आहेत. त्यांतल्या सुमारे २५० च्या चाली मिळतात, म्हणजे दहात एक. चाली मुख्यतः चार हस्तलिखितांत आहेत. पॅरिसमधलं एक अभ्यासक 'आर' नावाने ओळखतात. त्यात गाणी हजाराच्या वर, पण सूर भरलेत फक्त १६० च्या आसपास गाण्यांवर. बाकी कितीतरी गाण्यांच्या पहिल्या कडव्यावर स्वरलेखनाच्या ओळी आखून ठेवल्यात आणि त्या रिकाम्याच आहेत. लेखनिकाने शब्द लिहिले, जागा सोडली, सूर लिहिणारा आलाच नाही. ते पान बघितलं की गलबलतं.

जिथे सूर आहेत तिथेही ते फक्त पहिल्या कडव्याला. पुढच्या कडव्यांचे नुसते शब्द. स्वराची उंची कळते, लांबी कळत नाही, ताल लिहिलेलाच नाही. आजच्या गिटारवाल्यांच्या वहीत शब्द आणि वर कॉर्डची अक्षरं असतात, बाकीचं कानात. तसंच समजा.

उत्तररात्र:
मग कारागिरीतली नेमकी कुठली गोष्ट पुढे आली?

मात्रामोजणी:
उसनी चाल. 'सिर्व्हेंतेस' म्हणजे राजकीय किंवा टीकेचं गाणं. ते बहुधा एखाद्या गाजलेल्या प्रेमगीताच्या चालीवर बांधत. मूळ गाण्याची अक्षरसंख्या तीच, यमकांची मांडणी तीच, बरेचदा यमकंही तीच. फायदा उघड आहे. चाल आधीच घराघरात पोचलेली, जोग्लारला फक्त शब्द शिकवायचे. मराठी नाटकांच्या जुन्या पुस्तकांत पदाच्या डोक्यावर 'चाल :' म्हणून ओळखीच्या गाण्याचा मुखडा छापायचे, ती हीच सोय.

आता बघा. गथ्रीने १९४० मध्ये 'धिस लँड इज युअर लँड' लिहिलं ते कार्टर फॅमिलीच्या चालीवर. डिलनच्या 'ब्लोइन इन द विंड'मागे गुलामगिरीच्या काळातलं 'नो मोअर ऑक्शन ब्लॉक' आहे. 'गर्ल फ्रॉम द नॉर्थ कंट्री'मागे 'स्कारबरो फेअर', जी तो लंडनमध्ये मार्टिन कार्थी या लोकगायकाकडून शिकला. 'हार्ड रेन'ने 'लॉर्ड रँडल' बॅलडची प्रश्नोत्तरांची चौकट घेतली. याला चोरी म्हणणाऱ्यांना ही रीत माहीत नसते.

कोकमआगळ:
ब्रासांसचं उदाहरण तर याहून भारी आहे. लुई आरागाँच्या 'सुखी प्रेम नसतंच' अशा अर्थाच्या कवितेला आणि फ्रान्सिस जामच्या प्रार्थनेला त्याने एकच चाल दिली. एक नास्तिक कम्युनिस्ट कवी, दुसरा श्रद्धाळू कॅथलिक, आणि चाल तीच. दोन्ही पाठोपाठ ऐका. तेच सूर एकदा हताश वाटतात, एकदा शरण गेलेले. शिवाय ब्रासांस सेतचा, म्हणजे ऑक्सितान मुलखातलाच.

चिंचपोकळी:
ब्लूजमध्ये पहिली ओळ दोनदा आणि मग तिसरी वेगळी, अशी अ-अ-ब रचना असते. त्रुबादूरांच्या कडव्यातही अ-अ-ब असतं असं वाचलंय. ही साखळी नाही का?

मात्रामोजणी:
मोहात पडण्यासारखं आहे, पण नाही. ब्लूजमधलं अ-अ-ब हे शब्दांचं आहे. बारा बार, चार-चारच्या तीन ओळी, पहिली ओळ जवळजवळ तशीच दुसऱ्यांदा. त्रुबादूरांकडचं अ-अ-ब हे चालीचं. कडव्याचा पहिला भाग दोन सारख्या सुरावटींत, त्यांवर शब्द वेगवेगळे, आणि उरलेल्या ओळींना नवी सुरावट. अक्षरं जुळली म्हणून नातं जुळत नाही.

शब्दवेल्हाळ:
सगळीच गाणी त्या साच्यात बसत नाहीत हेही लिहा. 'कालेंदा माया' बघा, रेंबॉत दे व्हाकेरासचं. कथा अशी की उत्तर इटलीतल्या मोंफेर्राच्या दरबारात उत्तरेकडून आलेल्या दोन जोग्लारांनी फिडलवर एक नाचाची गत वाजवली आणि त्याने तिच्यावर शब्द बसवले. तिथे अ-अ, ब-ब, क-क अशा जोड्या आहेत, ओळी चार-चार अक्षरांच्या, आणि 'आया' हे यमक लागोपाठ आदळत राहतं. नाचताना पाय कुठे पडतो ते यमकच सांगतं.

रानजाई:
गिटारवर एखादं खरं त्रुबादूर गाणं बसवायचं असेल तर सुरुवात कशी करावी? नोटेशन आणि भाषांतर मिळालंय, बेर्नार्तचं 'कान व्हेइ ला लाउझेता'. पण कॉर्ड लावले की ते इंग्रजी सिनेमातल्या पार्श्वसंगीतासारखं वाटायला लागतं.

खर्ज:
कॉर्डच लावू नका, तिथेच बिघडतंय. क्रमाने सांगतो.

गिटार 'डी-ए-डी-जी-ए-डी'मध्ये लावा. सहावी तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए, पहिली ई वरून डी. तिन्ही एकेक पूर्ण स्वर खाली, बाकी तीन आहेत तशा. ही जुळणी साठच्या दशकात डेव्ही ग्रॅहम या ब्रिटिश गिटारवादकामुळे पसरली. आता डी हा षड्ज धरला तर सहावी, पाचवी, चौथी तार म्हणजे सा-प-सा. तंबोराच झाला. अंगठ्याने फक्त या तीनच तारा छेडा. सगळ्या तारांवरून हात फिरवला तर तिसऱ्या तारेचा मध्यम सतत वाजत राहतो आणि चालीतला कोमल गंधार त्याच्याखाली पुसट होतो.

ही चाल सहसा डी डोरियनमध्ये लिहिलेली मिळेल. आपल्या भाषेत काफी थाटाचे स्वर, गंधार आणि निषाद कोमल. तुम्ही शेवटाला ए-सेव्हन आणि मग डी मायनर वाजवत असाल, तर ए-सेव्हनमधला सी-शार्प म्हणजे शुद्ध निषाद. तो या चालीत नाहीच. कानाला जे सिनेमासारखं वाटतं ते त्या एका स्वरामुळे.

आवाजाला डी खाली पडत असेल तर कॅपो (सगळ्या तारा दाबून सूर चढवणारा चिमटा) लावा, जुळणी बदलू नका.

मात्रामोजणी:
यात तालाची भर घालतो, कारण दुसरी चूक तिथे होते.

जुनी लिप्यंतरं तीन मात्रांच्या ठेक्यात असतात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभ्यासकांनी पॅरिसच्या चर्चमधल्या बहुस्वरी संगीताचे लघु-गुरू नियम या गाण्यांना लावले. ते वाचून गायलं की लाउझेताचं गाणं वॉल्ट्झसारखं झुलतं. (लाउझेता म्हणजे गात गात आभाळात चढणारा चंडोल पक्षी.) आज बहुतेक गायक अक्षराला मान देतात. प्रत्येक अक्षर साधारण सारख्या वेळेचं, आणि एका अक्षरावर तीन-चार स्वर असतील तर ते त्याच वेळात मुरकीसारखे घ्यायचे.

म्हणून आधी चाल बाजूला ठेवा आणि शब्द मोठ्याने म्हणा. ओळ आठ अक्षरांची, कडवं आठ ओळींचं, म्हणजे ६४ अक्षरं. सेकंदाला दोन अक्षरं धरली तर ३२ सेकंद, ओळीअखेरच्या श्वासांसह ४५. सात कडवी आणि शेवटच्या चार ओळी मिळून साडेपाच मिनिटांच्या आसपास. तुमचं गाणं तीन मिनिटांत संपत असेल तर तुम्ही ओळीच्या शेवटी थांबत नाही आहात. ते थांबणं गिटारच्या ठेक्यात पहिलं बुडतं. म्हणून ठेका धरूच नका. ओळ संपली की एकदा सा-प-सा, मग पुढची ओळ.

रानजाई:
निषादाचं तंतोतंत खरं निघालं. ए-सेव्हन काढला आणि गाणं एकदम उघडलं. दोघांचे आभार. पण ६० ओळी पाठ कशा करायच्या?

शब्दवेल्हाळ:
रचनाच मदत करते. आख्ख्या गाण्यात फक्त चार यमकं आहेत: एर, आइ, ए, ओन. प्रत्येक कडव्यात त्याच क्रमाने: एर-आइ-एर-आइ, ए-ओन-ए-ओन. सात कडव्यांत प्रत्येक यमकाचे १४ शब्द. शेवटच्या चार ओळींत पुन्हा ए-ओन-ए-ओन, म्हणून त्या दोघांचे १६-१६. ओळ विसरली तरी तिचा शेवट कुठल्या आवाजावर आहे हे ठाऊक असतं.

याला 'कोब्लास उनिसोनांस' म्हणतात. तोटा असा की सगळी कडवी एकाच यमकांची असल्याने त्यांचा क्रम घट्ट राहत नाही. वेगवेगळ्या हस्तलिखितांत ती मागेपुढे झालेली दिसतात. क्रम जपायचा असला तर कवी दुसरी कुलपं लावत. दर दोन कडव्यांनी यमक बदलायचं, किंवा एका कडव्याचा शेवटचा शब्द पुढच्याच्या सुरुवातीला घ्यायचा.

सगळ्यात भक्कम कुलूप आर्नॉत दानियेलच्या सेस्टिनात. सहा कडवी, सहा ओळी, यमक नाही, पण ओळीअखेरचे सहा शब्द तेच, दर कडव्यात ६-१-५-२-४-३ या क्रमाने फिरवलेले. म्हणजे मागच्या कडव्याचा शेवटचा शब्द नव्यात पहिला, पहिला दुसरा, असं आत-आत येत जायचं. असं सहा वेळा फिरवलं की पहिलाच क्रम परत येतो, म्हणून सहा कडव्यांनंतर तीन ओळींत सहाही शब्द बांधून गाणं मिटतं. त्याचे शब्द: शिरणं, नख, आत्मा, छडी, काका, खोली.

चिंचपोकळी:
प्रेमाच्या गाण्यात काका! नातेवाईक तेव्हाही मध्ये येतच होते म्हणायचे.

शब्दवेल्हाळ:
अहो, तोच तर त्या शब्दाचा धाक आहे. खोली तिची, दारात काका, आणि तो शब्द दर सहा ओळींत परत येणारच हे ऐकणाऱ्याला ठाऊक. इटालियन महाकवी दान्तेने 'डिव्हाइन कॉमेडी'च्या पर्गेटरी या भागात या आर्नॉतला त्याच्या स्वतःच्या ऑक्सितानमध्ये बोलायला लावलंय, इतका त्याचा मान. या सेस्टिनाची चालही टिकली आहे, मिलानच्या हस्तलिखितात.

कोकमआगळ:
बायकांचा उल्लेख कुणीच केला नाही. स्त्री-त्रुबादूरांना 'त्रोबाइरित्झ' म्हणतात. विसाच्या आसपास नावं माहीत आहेत, पण चालीसकट एकच गाणं उरलंय, कोम्तेस्सा दे दियाचं 'आ शांतार'. प्रियकराने पाठ फिरवल्यावर ती लाजत-मुरडत नाही, सरळ हिशेब मागते: माझी योग्यता, माझं कुळ, माझं रूप, यातलं काय कमी पडलं? रानजाई, दुसरं गाणं म्हणून हे घ्या. ओळी लांब आहेत, पण सुरावट परत परत येते, बसायला सोपं आहे. त्यातला थेटपणा जोनी मिचेलच्या गाण्यांत सापडतो. तीही गिटार हव्या तशा वेगळ्या सुरांत लावून घेते.

उत्तररात्र:
सगळं वाचून माझ्या आधीच्या मताचा अर्धा भाग मागे घेतो. उसनी चाल आणि कडव्यांची कुलपं यांची उदाहरणं पटली. पण एक फरक कुणी मांडला नाही. त्या काळी यमक ही स्मरणाची सोय होती, गाणं जोग्लारच्या तोंडी बिघडू नये म्हणून. आता ध्वनिमुद्रण आहे. गाणं कुलपाशिवायही टिकतं. म्हणून आजची रचना सैल होत गेली. हा वारसा झिजतोय, असं तरी म्हणावंच लागेल.

खर्ज:
ध्वनिमुद्रणाने जोग्लारचं काम घेतलं हे बरोबर. सोव्हिएत रशियातल्या ओकुजावा आणि विसोत्स्की या गायक-कवींची गाणी सरकारी तबकड्यांवर यायच्या कितीतरी आधी घरगुती स्पूल-टेपवर एकाकडून दुसऱ्याकडे नक्कल होत देशभर गेली. तोच त्यांचा पापिओल. पण नकलेच्या नकलेत खरखर वाढत जाते, शब्द पुसट होतात. तिथे ठळक यमक आणि साधी चालच तगते. त्यामुळे झीज सगळीकडे सारखी नाही. जिथे गाणं हातोहात जातं, तिथे कुलपं अजून आहेत.

पैलतीर:
उत्तररात्र, तुम्ही साखळी मागितली होती, म्हणून मूळ प्रश्नाकडे येतो. स्पेनच्या ईशान्येकडच्या कातालोनियातले कवी त्या काळी ऑक्सितानमध्येच रचत. जिरोनाचा सेर्व्हेरी हा त्यांतला मोठा. त्याच जिरोनात जन्मलेल्या यूइस याकने १९६८ मध्ये, हुकूमशहा फ्रँकोच्या राजवटीत, कातालान भाषेत 'लेस्ताका' लिहिलं. एका खुंटाला सगळे बांधलेत, तू तिकडून ओढ, मी इकडून ओढतो, खुंट पडेल. बंदी आली. १९७८ मध्ये पोलंडच्या यात्सेक काच्मार्स्कीने चाल तीच ठेवून 'मुरी', म्हणजे भिंती, हे वेगळंच गाणं लिहिलं आणि ते सॉलिडॅरिटी या तिथल्या कामगार चळवळीचं गाणं झालं. काच्मार्स्कीच्या शेवटच्या कडव्यात मात्र भिंती पुन्हा वाढत राहतात आणि गायक एकटा उरतो. जमावाने ते कडवं अनेकदा गाळलं.

चाल उसनी, शब्द राजकीय, आणि गाणाऱ्यांनी शेवट बदललेला. यातलं सिर्व्हेंतेसला परकं असं काय आहे?

उत्तररात्र:
यावर माझ्याकडे उत्तर नाही. हे गाणं साखळीत धरतो.

रानजाई:
शेवटचं कडवं गाळण्यावरून आठवलं. लाउझेतातल्या त्या शेवटच्या चार ओळींना चाल कुठली? नोटेशनमध्ये वेगळी दिलेली नाही.

मात्रामोजणी:
त्यांना 'तोर्नादा' म्हणतात. यमकं कडव्याच्या शेवटच्या चार ओळींची आहेत, म्हणून चालही त्याच चार ओळींची घ्यायची. पाचवी ते आठवी. त्यात 'त्रिस्तान' अशी हाक आहे, ते कुणाचं तरी झाकलेलं नाव. गाणं तिथे उघडपणे एका माणसाला दिलं जातं. तेवढ्या चार ओळींना तारा छेडू नका. नुसता आवाज ठेवा, आणि शेवटचा शब्द 'एस्कोन', म्हणजे लपतो, तो म्हणून झाल्यावर एकदाच सा-प-सा.